नव्वदीचा विसर आणि घराण्याचा दोष

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर हे मराठीभाषक तालुके छिंदवाड्यापासून अलग करून २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. नव्या जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत अतिवृद्धांच्या स्मृतिभ्रंशाची दखल घेतली जावी, असे आम्हांस वाटते. त्याच्या आड प्रथम येते ती एक जुनी समजूत. आजी नातवाला ओळखीनाशी झाली की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून द्यावयाचे, नाहीतर 'त्यांच्या घराण्यातच आहे' म्हणून कुजबुजावयाचे. आपल्या किनाऱ्यावरही सोयरीक जुळविताना ही कुजबूज ऐकू येतेच.

'एपोई' नावाच्या जनुकाचा एक प्रकार अल्झायमरचा धोका वाढवितो, हे १९९३ साली उघड झाले. परंतु तो बाळगणारे कितीतरी लोक अखेरपर्यंत शुद्धीवर असतात आणि तो नसलेल्यांनाही रोग गाठतोच. शिवाय या जनुकाचा जोर साठी-सत्तरीत अधिक. नव्वदीच्या पुढे तो बराच ओसरतो, कारण ज्यांना तो बाधावयाचा त्यांतील अनेकांना त्याने अगोदरच गाठलेले असते. अतिवृद्धांच्या मेंदूत बहुधा अनेक विकारांची सरमिसळ आढळते. रक्तवाहिन्यांची झीज त्यांत मोठी. चाळिशी-पन्नाशीत पिढ्यान्‌पिढ्या येणारा अल्झायमर खराच आनुवंशिक, पण तो फार विरळा. नव्वदीच्या आजीवरून नातीचे लग्न मोडणाऱ्यांनी शास्त्राचा आधार सांगू नये.

'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहेत: अल्प शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह इत्यादी. पांढुर्ण्याच्या म्हाताऱ्यांपैकी किती जणांचे कान कोणी तपासले असतील? आणि जन्मभर मराठी बोललेल्या निरक्षर आजीची स्मृती हिंदी प्रश्नावलीने मोजली, तर तपासणी नेमकी कशाची झाली?

सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळू लागले, हे चांगलेच झाले. पण हे रुग्ण रुग्णालयात नसतात. ते घरी, बहुधा सुनेच्या हवाली असतात. आपल्या गोव्यात ८१ कुटुंबांत एक प्रयोग झाला व २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन रोग समजावून सांगत, सांभाळणाऱ्यांना धीर देत. त्यांचा मानसिक ताण त्याने कमी झाला. पांढुर्णा-सौसरच्या आशा कार्यकर्त्यांना हे काम मराठीतून शिकविण्यास नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही.