कोणाच्या जगण्याची गुणवत्ता?

ऑगस्ट २०१८ मधल्या एकाच आठवड्यात मुंबईचे दोन निकाल लागले. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाने देशातल्या १११ शहरांची 'इज ऑफ लिव्हिंग' क्रमवारी जाहीर केली. तीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. दिल्ली ६५व्या क्रमांकावर होती. त्याच सुमारास 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट' या संस्थेची जगातल्या १४० शहरांची यादी प्रसिद्ध झाली. तीत व्हिएन्ना पहिले होते, दिल्ली ११२वी आणि मुंबई ११७वी. म्हणजे मायदेशीच्या परीक्षेत जे शहर दिल्लीच्या बासष्ट पायऱ्या वर बसले होते, ते परदेशी परीक्षेत तिच्याच पाच पायऱ्या खाली गेले.

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत, त्यांना या प्रकाराचे फारसे आश्चर्य वाटू नये. एकाच उत्तराला एक परीक्षक बारा गुण देतो आणि दुसरा चार. अशा वेळी शहाणा नियामक विद्यार्थ्याला बोलावत नाही; तो प्रश्नपत्रिका मागवतो. ती कोणी काढली, कोणत्या अभ्यासक्रमासाठी काढली, हे पाहतो. शहरांच्या क्रमवारीबाबत मात्र आपण नेमके उलट करतो. क्रमांक वर गेला की पेढे आणि खाली आला की अग्रलेख. प्रश्नपत्रिका कोणी वाचतच नाही.

म्हणून आधी ती वाचू. 'मर्सर' या कंपनीच्या बहुचर्चित यादीत न्यूयॉर्क हे मोजमापाचे मूळ धरून त्याला १०० गुण दिलेले असतात आणि बाकीची शहरे त्याच्याशी ताडली जातात. २०१९च्या यादीत पुणे आणि हैदराबाद १४३व्या, तर मुंबई १५४व्या स्थानी होती. पण ही यादी मुळात कशासाठी? बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपला अधिकारी परक्या शहरी पाठवला, तर तिथल्या गैरसोयीपोटी त्याला किती जादा भत्ता द्यावा, हे ठरवण्यासाठी. इकॉनॉमिस्टच्या यादीचा वंशही हाच. तिच्या निकषांत खासगी शिक्षणाची उपलब्धता आहे आणि प्रवाशांना हवामानाचा होणारा त्रासही आहे. आता दादरच्या फूलबाजारात पहाटे टोपली उतरवणाऱ्या बाईला मे महिन्यातल्या दमटपणाचा त्रास होत नाही असे नाही. पण तिचा घाम या तक्त्यात धरलेला नाही. तक्त्यात घाम आहे तो पाहुण्याचा. या याद्या आपापल्या कामापुरत्या प्रामाणिक आहेत, हे मान्य करायला हवे. भत्त्याचा तक्ता 'जगण्याची गुणवत्ता' या नावाने आपल्या घरात शिरतो आणि आपण त्याला पाट मांडतो, हा दोष आपला.

सरकारी यादीचे तसे नाही. ती रहिवाशांसाठीच होती. पण २०१८च्या त्या प्रश्नपत्रिकेत भौतिक सुविधांना १०० पैकी ४५ गुण, प्रशासनाला २५, सामाजिक बाबींना २५, आणि अर्थव्यवस्था व रोजगार यांना मिळून फक्त ५ गुण होते. पाच! ज्या शहरात कोकणातून, घाटावरून, देशावरून आलेला माणूस केवळ कामासाठी उतरला, हवेसाठी किंवा उद्यानासाठी कोणीही उतरला नाही, त्या शहराला कामाबद्दल पाच गुण. पुढे मार्च २०२१ मध्ये नवी यादी आली, तेव्हा निकषच बदललेले होते. आर्थिक क्षमतेला १५ आणि नागरिकांच्या मताला ३० गुण झाले. दहा लाखांवरील शहरांच्या त्या यादीत बंगळूर पहिले आले आणि बृहन्मुंबई दहावी. तिसऱ्यावरून दहाव्यावर येण्याइतके काय घडले, असा शोध तेव्हा अनेकांनी घेतला. शहरात काय घडले ते घडले. पण त्याआधी फूटपट्टी बदलली होती.

याहून मासलेवाईक उदाहरण २००६ सालचे. 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकाने पस्तीस देशांतल्या प्रमुख शहरांच्या सौजन्याची चाचणी घेतली आणि मुंबई शेवटची ठरली. पहिले आले न्यूयॉर्क. चाचण्या तीन होत्या. मागून येणाऱ्यासाठी कोणी दार धरून ठेवते का. कोणाचे कागद खाली पडले तर कोणी उचलायला मदत करते का. आणि दुकानदार गिऱ्हाइकाचे आभार मानतो का.

पहिल्या चाचणीपाशीच आमचे घोडे अडते. माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. तिथे दार ही दिवसा बंद करायची वस्तूच नव्हती. लावलेले दार म्हणजे घरात कोणी आजारी आहे किंवा नवराबायकोचे भांडण जुंपले आहे, एवढाच अर्थ. आणि दोन्ही प्रसंगी शेजारीण ते ढकलून आत येत असे. गिरगावातल्या वाड्यांचीही रीत हीच होती. ज्या समाजात दार उघडेच असते, त्याने ते दुसऱ्यासाठी 'धरावे' कसे? तिसरी चाचणी तर भाषेचीच. 'थँक्यू' म्हणणे आपल्याकडे शाळेत शिकावे लागते, कारण मराठीचे सौजन्य आभारांच्या शब्दात फारसे वसत नाही. ते क्रियापदाच्या प्रत्ययात वसते. 'ये' आणि 'या' यांत जे अंतर आहे, त्यात सगळा आदर मावतो. जवळच्या माणसाचे आभार मानले तर तो दुखावतो. लालबागच्या चिवडा गल्लीतला दुकानदार आभार मानणार नाही. तो पाव किलो तोलून झाल्यावर वर मूठभर टाकेल. ती मूठ मोजायला परीक्षकाकडे रकाना नव्हता.

(एक कबुलीही देऊन टाकते. तेव्हा मला या निकालाचा संताप आला होता, आणि ११ जुलै २००६ला लोकलगाड्यांत स्फोट झाल्यावर अनोळखी माणसांनी जखमींना ज्या तऱ्हेने उचलून नेले, ते पाहून 'घ्या आता तुमचे सौजन्य!' असे आम्ही शिक्षकखोलीत तावातावाने बोललोही होतो. आज वाटते, 'मुंबईचे स्पिरिट' हेदेखील एक क्रमांकपत्रच आहे. पहिला नंबर देऊन आपली बोळवण होते, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या माणसाला पर्याय होता का, हे विचारायचे राहून जाते.)

इथवरचे आक्षेप नवे नाहीत. कोणतीही मोजणी काही गोष्टी वगळतेच. माझा खरा आक्षेप त्यापुढचा आहे. निर्देशांक जागा मोजतो, माणसे मोजत नाही. आणि म्हणून त्यात जागेची गुणवत्ता वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग तिथली माणसे बदलणे हा असतो.

परळ-लालबागचा इतिहास या वाक्याचा पुरावा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे कल्पिले होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून निसटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती वैध ठरवली. पुढचे आपल्या डोळ्यांसमोर आहे. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली, धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले.

आता कोणताही निर्देशांक घ्या आणि या पट्ट्याला लावा. दरडोई उत्पन्न वाढले. माणशी चटईक्षेत्र वाढले. घरात स्वतंत्र शौचालय असलेल्या कुटुंबांचे प्रमाण वाढले. सगळे आकडे खरे. पण ज्या कुटुंबाला शौचालय नव्हते त्याला ते मिळाले म्हणून प्रमाण वाढले, की ते कुटुंबच निघून गेले म्हणून? तक्त्याला दोन्ही सारखेच. माझे वडील गिरणीत होते. संपानंतर सात वर्षांनी आम्ही खोली विकून डोंबिवलीला गेलो, तेव्हा लालबागची सरासरी आमच्यापुरती सुधारली. आमचे जगणे कोणी मोजायचे असेल तर ते कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या रकान्यात. मुंबईच्या खात्यातून आम्ही वजा झालो होतो. मात्र रोज सकाळी मुंबईत उतरतच होतो. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाचे (१९९७) प्रयोग झाले, तेव्हा संपात वाताहत झालेले ते चाळीतले कुटुंब पाहून माझी आई मध्यंतरात उठली आणि परत आत आली नाही. गिरणगावाची गणती खऱ्या अर्थाने कोणी ठेवली असेल तर ती असल्या लेखनाने, असे मी वर्गात सांगते. तेव्हा आईची ती रिकामी खुर्ची मला आठवत असते.

काचेचे मनोरे आले, पण त्यांच्याकडे जाणारा एल्फिन्स्टन रोडचा अरुंद पादचारी पूल तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पावसामुळे खोळंबलेल्या गर्दीत तिथे चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. 'फूल गिर गया' हे 'पुल गिर गया' असे ऐकले गेले आणि धावाधाव झाली, असे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितल्याचे तेव्हा छापून आले होते. मेलेल्यांत बहुतेक जण कामाला निघालेले होते. वर्ष उलटायच्या आत शहराचा तिसरा क्रमांक आला. त्या क्रमांकावर हरकत घ्यावी असे मला वाटत नाही, पण त्या पुलावरचे किती जण त्या १११ शहरांपैकी नेमक्या कोणत्या शहरात 'राहत' होते, हे कळायला हवे होते.

यावर कोणी म्हणेल, या बाईंना चाळीचा कळवळा आला आहे. तसे नाही. चाळीचे गोडवे मराठीत पुष्कळ गायले गेले. ते गाणारे बहुधा पुरुष होते, आणि पहाटे चारला अंधारात बादली घेऊन सामायिक संडासाच्या रांगेत उभे राहणाऱ्या मुली नव्हेत. मी ती मुलगी होते. १६० चौरस फुटांत नऊ माणसे हे संस्कृतीचे नव्हे, अभावाचे माप आहे. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या साडेपाचशेवर कुटुंबांना त्याच आवारात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. माणसे तीच आणि घर बदलले, असे इथे घडले. सुधारणा म्हणतात ती याला. परळच्या गिरणीतल्या काही जणांना मात्र सोडतीत घर लागले ते पनवेलजवळच्या कोन गावात. ही दोन्ही घरे 'पुनर्वसन' या एकाच रकान्यात जातात.

नव्या घरातही सगळे सुरळीत असते असे नाही. लालबागलाच पुनर्विकसित इमारतीत बाराव्या मजल्यावर राहणारी माझी आत्या म्हणते, "संडास घरात आला गं, पण माणूस बाहेर गेला." तरी जुन्या खोलीत परत जाशील का, असे विचारले की ती हात जोडते. या दोन वाक्यांपैकी एकच खरे मानण्याची घाई मोजणाऱ्यांना असते, आणि आम्हा साहित्यवाल्यांनाही.

मग मोजूच नये का? मोजावे. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये 'मुंबईचे वर्णन' लिहिले, त्यातही आकडे आहेतच. पण त्या आकड्यांच्या शेजारी धंदे करणारी, दुकाने मांडणारी, रस्त्याने चालणारी माणसेही आहेत. मला फक्त एक रकाना वाढवून हवा आहे : दहा वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्यांपैकी आज किती जण इथेच, किंवा हाकेच्या अंतरावर, राहू शकतात? हा एक आकडा आला तर उरलेल्या आकड्यांचा अर्थ लागेल. आणखी एक रकाना मागण्याचा मोह होतो. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांपैकी अनेकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो, आणि कित्येकांना मिळत नाही. ते पदपथावर मुक्काम करतात. ही माणसे रहिवासी नाहीत, पर्यटक नाहीत, कंपनीचे अधिकारीही नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे शहर कितवे?

गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला मी एक काम दिले. आपण राहतो त्या जागेचे गुणपत्रक करा; निकषही तुम्हीच ठरवा. एकीने लिहिले, 'सात बारच्या गाडीत बसायला जागा.' एकाने, 'आई एकटी असताना पडली, तर तिची हाक कोणाला ऐकू जाईल?' बदलापूरहून येणारा एक मुलगा तासभर कोरा कागद पुढे घेऊन बसला होता. वेळ संपत आली तेव्हा तो उठून माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, पत्ता कोणता लिहू? रेशनकार्डावर अजून परळचाच आहे."