आदेश निघाला, पण गावात पोचला का?



कापसाच्या भावावर तासभर बोलणारे आम्ही, बाईच्या मारहाणीचा विषय निघाला की 'घरातली भानगड' म्हणून खाली बसतो. मारणारा बहुधा आपल्यातलाच असतो, हे त्याचे खरे कारण.

वेचणीच्या दिवसांत एक बहीण आमच्याकडे आली. पिशवीत न्यायालयाचा अंतरिम संरक्षण आदेश, दंडावर ताजे वळ. नवऱ्याने हात उचलू नये, घराबाहेर काढू नये, असे आदेशात स्पष्ट लिहिलेले. ठाण्यात विचारले तर तिथे नक्कलच नाही. नवरा म्हणतो, मला कागद मिळालाच नाही. मग आदेश मोडल्याचा गुन्हा लावायचा कसा?

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लुळा नाही. अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी, संरक्षण अधिकाऱ्याने नोटीस दोन दिवसांत किंवा न्यायालय देईल तेवढ्या वाजवी मुदतीत बजावावी, असे त्यात आहे. निकड असेल तर नवऱ्याला ऐकण्याआधीच, बाईच्या प्रतिज्ञापत्रावर आदेश निघतो. 'तो सापडत नाही' ही सबबही चालत नाही. घरी किंवा कामाच्या जागी जो हजर असेल त्याच्या हाती नोटीस द्यायची, तेही जमले नाही तर ठळक जागी चिकटवायची. आदेशाची नक्कल दोन्ही पक्षांना आणि हद्दीच्या ठाणेदाराला फुकट द्यायची, हे न्यायालयाचे काम. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. एकट्या त्या बाईच्या साक्षीवरही तो शाबीत धरता येतो.

सासरा आम्हाला म्हणाला, "सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का?" (घर गावठाणातले, सातबाऱ्याचा संबंधच काय, पण ते असो.) नाव नसले तरी राहत्या घरात राहण्याचा हक्क कलम १७ देते. घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी सून तो मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले.

कायदा अडतो तो तालुक्यापासून गावापर्यंतच्या वाटेवर. आम्ही चौघे त्या बहिणीसोबत ठाण्यात गेलो, नक्कल दिली, पोच घेतली. दुसऱ्या दिवशी जमादार गावात आले.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने सोबत जाणाऱ्या दोघांची नावे आणावीत. त्यातले एक बाईचे असावे.