दमा लपवायचा कशाला?

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

आपल्या समाजात काही आजार मानाचे आहेत, तर काही लाजेचे. रक्तदाब वाढला तर माणूस ते चारचौघांत सांगतो. साखर वाढलेल्याला बिनसाखरेचा चहा मागताना संकोच वाटत नाही. पण दम्याचा विषय निघाला की घरातली माणसे आवाज खाली करतात. ‘तिला जरा अ‍ॅलर्जी आहे’, ‘त्याची छाती नाजूक आहे’, ‘हवा बदलली की होतं असं’, अशा आडवाटेने तो बोलला जातो. मराठीत दमा, गुजरातीत दम, कन्नडमध्ये उब्बस. शब्द तिन्ही भाषांत आहेत, पण तिन्ही भाषांत ते कुजबुजून उच्चारले जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की, या आजाराने होणाऱ्या नुकसानीपैकी पुष्कळसे नुकसान या कुजबुजीमुळे होते.

माझे घर सुरतेत, लिंबायतमध्ये. वडील खानदेशी, आई अक्कलकोटकडची व कन्नड बोलणारी. शाळा मराठी माध्यमाची झाली आणि पुढे शिकायला मी आजोळी आले. लिंबायत ही पोटापाण्यासाठी खानदेश सोडून आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांची वस्ती. आसपास लूम्स, भरतकामाची यंत्रे, आणि घरोघरी साड्यांचे सुटे धागे कापीत बसलेल्या बायका. खोल्या लहान, भिंतीला भिंत लागलेली. मिठी खाडीचे पाणी चढले की भिंतींची ओल लवकर उतरत नाही. अशा वस्तीत कोणाचा श्वास कोणत्या महिन्यात अडतो याचे एक अलिखित पंचांगच तयार झालेले असते. श्रावण-भाद्रपदात ओल आणि बुरशी. आश्विनात पावसावर माजलेल्या गवताचे पराग. दिवाळीत फटाक्यांचा धूर आणि वर्षभर पेटीत पडून राहिलेल्या गोधड्यांची धूळ. पुढे थंडीत सकाळ-संध्याकाळ जमिनीलगत साचून राहणारा धूर. इकडे सोलापूरकडे हवा कोरडी आहे, तरी पाऊस सरला की पंचांगाचे पान उलटतेच.

हा आजार ऋतूप्रमाणे वागतो, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘तमक श्वास’ ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी बळावतो, असे तेथे म्हटले आहे. इंग्लंडात जॉन बोस्टॉक या डॉक्टराने दर उन्हाळ्यात स्वतःलाच होणाऱ्या शिंका, डोळ्यांची आग आणि छातीतील कोंडी यांचे वर्णन १८१९ साली मांडले. पुढे लोकांनी या विकाराला ‘हे-फीव्हर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप, असे नाव दिले. गंमत अशी की, यात ताप नसतो आणि दोष वाळल्या गवताचाही नसतो. चार्ल्स ब्लॅकली याने स्वतःवर प्रयोग करून १८७३ साली दाखवून दिले की, खरे कारण गवताच्या फुलांतले पराग हे आहे. निरुपद्रवी परागकणाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःचेच नाक, डोळे आणि श्वासनलिका सुजवून घेते. आपल्याकडे या गवतांच्या जोडीला गाजर गवत आहे. १९५६ च्या सुमारास पुण्यात नोंद झालेले हे परदेशी तण आज रेल्वेच्या कडेने, पडीक जागेत आणि महाविद्यालयांच्या कुंपणांतही सुखाने नांदते आहे.

‘नाक वाहतंय, त्यात काय एवढं?’ असे आपण म्हणतो. पण नाक आणि छाती ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. दम्याच्या बहुसंख्य रुग्णांना नाकाचाही त्रास असतो, आणि नाक सांभाळले तर छातीलाही आराम पडतो. शिवाय हा त्रास वाटतो तितका क्षुल्लक नाही. ब्रिटनमध्ये १८३४ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या दिवसांत ज्यांना परागांचा त्रास होता, त्यांची श्रेणी हिवाळ्यातील सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त आढळली. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांत तर ती ७० टक्क्यांनी जास्त होती. आपल्या पहिल्या सत्राच्या परीक्षा नेमक्या दिवाळीच्या आगेमागे येतात. तेव्हा शिंकत शिंकत पेपर लिहिणाऱ्या मुलाला ‘अभ्यास नाही, म्हणून सोंग करतो’ असे म्हणण्यापूर्वी प्राध्यापकांनी थोडा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

आता औषधांचा हिशेब. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला तो मांडल्यावाचून राहवत नाही. दम्याची श्वासातून घ्यायची औषधे मुख्यतः दोन तऱ्हांची. साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा गुण चार ते सहा तास टिकतो. पण आतील सूज त्याने उतरत नाही. सूज उतरवते ते दुसरे औषध, म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड. डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने ते नियमित घ्यावे लागते. घेतल्या क्षणी काहीच जाणवत नाही, पुरता गुण यायला काही आठवडे जातात. साहजिकच खिशात मोजके पैसे असलेला माणूस तत्काळ गुण देणारी वस्तू विकत घेतो. बारा तासांच्या पाळीवर जाणाऱ्या लूम कामगाराला रात्र निभावून सकाळी कामावर उभे राहायचे असते. त्याला दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. तथापि हा व्यवहार सावकाराच्या कर्जासारखा आहे. आजची नड भागते, मुद्दल तसेच राहते. ब्रिटनमधील दम्याच्या मृत्यूंची राष्ट्रीय पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मृतांपैकी पुष्कळांना शेवटच्या वर्षात तात्पुरत्या आरामाचे बारांहून अधिक पंप लिहून दिलेले आढळले. २०१९ पासून ‘जीना’ या जागतिक संस्थेचीही शिफारस आहे की, मोठ्या माणसांचा व किशोरवयीन मुलांचा दमा केवळ तात्पुरत्या औषधावर सोडू नये.

यावर घरोघरी ठरलेले उत्तर असते : ‘पंपाची सवय लागते. त्यापेक्षा साधी गोळी बरी.’ ही ‘साधी’ गोळी किती साधी आहे ते पाहा. साल्ब्युटामॉलच्या गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम औषध असते. पंपाच्या एका फवाऱ्यात ते १०० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध! गोळीचे औषध रक्तातून सर्वांगाला फिरून मग छातीत पोचते, हात थरथरतात, काळीज धडधडते. फवारा थेट जिथे पाहिजे तिथे जातो. चष्म्याने डोळ्यांना ‘सवय’ लागते म्हणून आपण चष्मा फेकून देतो का?

२०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण होते, म्हणजे जगातील रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. रुग्ण तेरा आणि मृत्यू बेचाळीस! ही तफावत केवळ हवेच्या माथी मारता येणार नाही. उशिरा झालेले निदान, अर्धवट उपचार आणि लपवाछपवी यांचे हे एकत्रित व्याज आहे.

कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घेणारे आणि मृगाच्या सुमारास माशातून औषध गिळण्यासाठी हैदराबादला जाणारे लोक आपणा सर्वांच्या नात्यात असतील. त्यांची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. श्वास कोंडलेला माणूस कोणताही दरवाजा ठोठावतो. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऋतूचा आजार ऋतू पालटला की आपोआप ओसरतो आणि श्रेय त्या आठवड्यात घेतलेल्या औषधाला मिळते. त्या भरवशावर नेहमीचे औषध बंद केले, तर पुढच्या ऋतूत घात होतो.

सर्वांत अधिक झळ बसते ती मुलींना. दम्याचा पंप पर्समध्ये दिसला तर स्थळ मोडेल, ही भीती आजही खरी आहे. म्हणून पंप कपाटात राहतो, आणि लग्नघराच्या धुराधुळीत, उदबत्ती-धुपाच्या दाटीत मुलगी हसतमुखाने धाप गिळीत बसते. जे सासर पंप पाहून बिचकते, त्या सासरी रात्री दोन वाजता धाप लागली तर दार कोण उघडणार? दमा असलेल्या पॉला रॅडक्लिफ हिने २००३ साली केलेला मॅरेथॉनचा जागतिक विक्रम २०१९ पर्यंत अबाधित होता. नियमित औषधावर असलेली मुलगी संसार करू शकणार नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आमच्या शहराचाच एक दाखला देते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. तो आजार कोणाला लपवता आला नाही. तो सर्वांचा प्रश्न झाला, म्हणून महापालिका हलली, गटारे उपसली गेली, आणि दोनच वर्षांत सुरतेचे नाव देशातील स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. दमा असा गाजावाजा करीत येत नाही. तो एकेका खोलीत, एकेका उशीवर रात्र काढतो. आपण तो लपवतो, म्हणून तो कोणाच्याच कामाच्या यादीत येत नाही. साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती चैन नव्हे. प्रत्येक सरकारी दवाखान्यात ती नेहमी मिळालीच पाहिजेत, असे ठणकावून सांगायला आधी आजाराचे नाव तरी उच्चारायला हवे.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे, तर फार खर्चाचे काही नाही. जिमखान्याच्या प्रथमोपचार पेटीत एक पंप व स्पेसर असावा आणि तो कसा वापरायचा हे दोन-चार जणांना शिकवलेले असावे. तास सुरू होण्याच्या तोंडावर कोरडा झाडू न मारता वर्ग ओल्या फडक्याने पुसावेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी आवारातील गाजर गवत फुलण्यापूर्वीच, हातमोजे व मुखपट्टी लावून, मुळासकट उपटावे. अ‍ॅलर्जी किंवा दमा असणाऱ्यांना मात्र त्या कामातून वगळावे. आणि मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येणारा जागतिक दमा दिन सुट्टीत वाया जातो, तेव्हा त्याऐवजी पावसाळा संपताना एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे. ते मराठीत व कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत व्हावे.

‘दमा दमाबरोबरच जातो’, असे जुनी माणसे म्हणतात. तो मुळातून जात नसेलही. पण त्याला ताब्यात ठेवून पूर्ण आयुष्य जगता येते. मित्रहो, ज्याला धाप लागते त्याने ती लपवू नये, आणि ज्याला लागत नाही त्याने ती हसण्यावारी नेऊ नये. एवढे झाले तरी पुढच्या आश्विनात आपल्यापैकी कित्येकांना मोकळा श्वास घेता येईल.