सूनबाईचे नाव लवकर नोंदवा



पेरणीआधी आपण बी निवडतो, रान तयार करतो. पण घरात सुनेला दिवस गेले, की सारी तयारी नवव्या महिन्यावर टाकतो. “आमची नाही का झाली घरी बाळंतपणे?” असे सासूबाई म्हणतात. झाली खरी, पण बरोबरीच्या किती जणी त्यात दगावल्या, हेही त्यांनाच ठाऊक असते.

सरकारी रुग्णालयांत प्रसाविकांनी चालवायचे बाळंतपणाचे कक्ष उघडावेत, असे केंद्र सरकारने २०१८ साली ठरवले. प्रसाविका म्हणजे जुनी सुईण नव्हे. नर्सचे शिक्षण पुरे करून तिने आणखी दीड वर्ष बाळंतपणाचेच शिक्षण घेतलेले असते. सारे सुरळीत असेल तर सुटका तीच करते. अडलेच तर डॉक्टर जवळ असतात. तिथे बाईने उताणेच पडून राहावे अशी सक्ती नसते. कळा येत असताना फिरावे, उकिडवे बसावे, आपले माणूस जवळ ठेवावे. आजीच्या वेळची ही रीत चांगलीच होती. आता तिला स्वच्छतेची आणि शिक्षणाची जोड मिळाली आहे.

मात्र रक्तदाब वाढलेला असेल, जुळे असेल किंवा आधी सिझेरियन झाले असेल, तर डॉक्टरांकडेच जायला हवे. हे आधी कळते ते तपासणीने. म्हणून पाळी चुकली की तीन महिन्यांच्या आत नाव नोंदवा आणि निदान चार तपासण्या करा. असा कक्ष जवळ नसेल तर उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे जा. कुठे जायचे ते आशाताई सांगतील.

तपासणीत हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी निघाले, तर अंगात रक्त कमी आहे असे समजा. बाळंतपणात रक्त जातेच. मुळात कमी असेल तर तेवढेही जिवावर बेतते. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज घ्या. चहाबरोबर नको, लिंबाच्या सरबताबरोबर चालेल. शौचाला काळे झाले तर भिऊन गोळी सोडू नका.

अंगावरून रक्त गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज चढली, पाणी गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. खर्चाची धास्ती नको. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, सिझेरियन आणि जाण्यायेण्याचे वाहनही मोफत आहे.

आणि सासूबाई, एक विनंती तुम्हाला. तपासणीच्या दिवशी सुनेला रानात धाडू नका. कापूस एक दिवस बोंडात राहिला तर फारसे बिघडत नाही. तिच्याबरोबर तुम्हीच जा. तुम्ही शेजारी बसलात, तर मनातले दुखणे ती नर्सबाईंना धीराने सांगेल.