पाळण्याचा थाट नको, बाळाला सपाट जागा द्या

बारशासाठी उसनवारी करून झालरीचा पाळणा आणणं थांबवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाळाला आईच्या हाताशी, पण वेगळी, सपाट, टणक जागा हवी. गावातला सुतार बाजेच्या उंचीचा छोटा कठड्याचा पलंग करून देतो. कठड्याच्या दोन पट्ट्यांत 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. पलंग हलता किंवा डगमगता नको.

साडीच्या झोळीत आणि सैल बाजेवर बाळाची हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो. म्हणून रात्री झोळी नको. बाळाला पाठीवरच झोपवा. राईची उशी, जड गोधडी नको. दारू प्यालेल्या माणसाजवळ बाळ झोपवूच नका. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर उराशी धरून ऊब कशी द्यायची, ते आशाताईंकडून शिका. त्या 42 दिवसांपर्यंत घरी येतात.

1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. बाळंतिणीची विश्रांती हा हक्क आहे. म्हणून पाळण्याचे वाचलेले पैसे तिच्या ताटात जाऊ द्या, आणि रात्री बाळ रडलं की बापानेही उठावं.