कारखान्याचा धनी उंबऱ्याबाहेर

गेल्या आठवड्यांत कळवणच्या बाजारांत एक म्हातारे शेतकरी आम्हांस भेटले. आम्ही पेशानें मास्तर. भाजी घेण्यास गेलों तरी कोणी ना कोणी कागद वाचून घेण्यास गांठतोच. बाबांनीं कोपरीच्या खिशांतून एक घडी घातलेला कागद काढला. तो एका साखर कारखान्याच्या भागाचा दाखला होता. बैलजोडी विकून त्यांनीं तो भाग घेतला होता. ते म्हणाले, "मास्तर, एवढंच सांगा, या कागदाचं आतां करायचं काय?"

कांहीं वर्षांपूर्वीं याच बाबांनीं वार्षिक सभेंत उभें राहून विचारलें होतें कीं, कारखान्याची मळी कोणास विकली व काय भावानें विकली. उत्तर मिळालें नाहीं. त्या हंगामांत त्यांच्या उसास तोड मिळाली नाहीं. चैत्र सरला तरी ऊस उभाच. तुरे आले, वजन घटलें. पुढच्या निवडणुकीच्या यादींत त्यांचें नांव नव्हतें. आज त्या कारखान्याच्या फाटकावर दुसऱ्याच कंपनीचा पहारेकरी बसतो आणि ज्यानें बैल विकून तें फाटक उभें केलें, त्यालाच विचारतो, "काय काम आहे?"

कारखान्याचें नांव आम्ही छापीत नाहीं. छापलें तर बाकीच्या गांवचे लोक म्हणतील, ही त्या गांवची गोष्ट, आपल्याला काय त्याचें! ही गोष्ट अनेक गांवांची आहे.

वाचकहो, आधीं एक साधी गोष्ट समजून घ्या. समजा, एका लोहारानें व एका सुतारानें मिळून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्याचा कारखाना काढला. पुढें आणखी दोघे भागीदार आले आणि तिघांनीं मिळून लोहारास सांगितलें, "तूं उद्यांपासून येऊं नकोस." असें करतां येतें काय? १९३२ सालचा भागीदारीचा कायदा म्हणतो, नाहीं. मूळ करारांत तसा अधिकार दिलेला असेल आणि तो शुद्ध हेतूनें वापरला असेल, तरच भागीदारास काढतां येतें; केवळ बहुमत पुरत नाहीं. भागीदार आहे तोंवर त्याला वह्या पाहण्याचा हक्क आहे. आणि तो बाहेर पडल्यावर हिशेब चुकता न करतां धंदा तसाच चालविला, तर त्याच्या पैशावर झालेला नफा तरी द्यावा लागतो, नाहीं तर दरसाल शेंकडा ६ प्रमाणें व्याज तरी. चौघांच्या धंद्यांत कायदा लोहाराची एवढी काळजी घेतो.

सहकारी कारखान्यांत तर हजारों भागीदार. तेथें १९६० सालचा सहकारी संस्थांचा कायदा लागतो. सभासदास काढावयाचें तर त्यासाठींच सर्वसाधारण सभा भरवावी लागते, हजर सभासदांपैकीं तीनचतुर्थांशांनीं ठराव करावा लागतो, ज्याला काढावयाचें त्याचें म्हणणें ऐकावें लागतें, आणि निबंधकाची मंजुरी मिळाल्याशिवाय तो ठराव अंमलांत येत नाहीं. म्हणजे कागदावर पाहिलें तर सभासदास दाराबाहेर काढणें सोपें नाहीं.

पण धन्यास घराबाहेर काढावयाचें नसेल, तर त्याच्या पाठीमागें घरच विकून टाकतां येतें. बाबांचें भागीदारपण कोणी रद्द केलें नाहीं. दाखला खिशांत राहिला आणि कारखाना निघून गेला.

हे कारखाने कोणी उभे केले, तें आपण विसरत चाललों आहों. १९३२ सालीं सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं स्वतःच्या भांडवलावर माळीनगरचा साखर कारखाना काढला. शेतकऱ्याला कारखाना चालवितां येत नाहीं, असें म्हणणाऱ्यांचीं तोंडें तेथें बंद झालीं. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें सहकारी कारखान्याची मोळी पडली. ऊस पिकविणारा हाच साखरेचा धनी, हा विचार तेथून गांवोगांव गेला.

आपल्याकडे चणकापूरच्या पाण्यावर आणि गिरणेच्या कांठीं ऊस वाढला, आणि विठेवाडीस वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना, ज्याला सारे 'वसाका' म्हणतात, तो उभा राहिला. तेव्हां विठेवाडी कळवण तालुक्यांतच होती. देवळा तालुका १९९९ सालीं वेगळा झाला. चिमणी पेटली कीं केवळ उसवाल्याचीच चूल पेटते असें नाहीं. लोहाराचा पोरगा फिटर होतो, सुताराचा सांचेकाम करतो, कोणी पंप दुरुस्त करतो, कोणी चहाची टपरी टाकतो. पुढें कर्ज थकलें, राज्य सहकारी बँकेनें ताबा घेतला, कारखाना बाहेरच्या चालकास भाडेपट्ट्यानें दिला गेला. कधीं चाक फिरलें, कधीं थांबलें. सभासद मात्र प्रत्येक वेळीं रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाहत होता.

गिरणामाई आपल्याच डोंगरांतून निघून मालेगांवाकडे जाते. तेथें दाभाडीचा गिरणा सहकारी साखर कारखाना होता. २०१० सालीं तो लिलावांत सुमारें साडेसत्तावीस कोटी रुपयांस एका खाजगी कंपनीकडे गेला. त्याच सालीं सातारा जिल्ह्यांत कोरेगांव तालुक्यांतील चिमणगांवचा जरंडेश्वर कारखाना ६५ कोटी ७५ लाखांस विकला गेला. घेणाऱ्यानें तो लागलीच दुसऱ्या कंपनीस भाड्यानें दिला. ज्या शालिनीताई पाटलांनीं तो कारखाना उभारला, त्या एके काळीं राज्याच्या महसूलमंत्री होत्या. त्यांनाही आपल्याच कारखान्यासाठीं परक्यासारखें न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०२१ सालीं सक्तवसुली संचालनालयानें त्या कारखान्याच्या मालमत्तेवर टांच आणली. खरें काय नि खोटें काय, तें न्यायालयानें ठरवावें. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, मंत्रिपद भूषविलेल्या संस्थापिकेची ही गत, तर भागाचा एकच दाखला खिशांत असलेल्या बाबांस कोण विचारतो?

येथें आम्ही बँकेस एकटीस दोष देत नाहीं. बँकेंतला पैसाही गोरगरिबांच्या ठेवींचाच असतो, आणि घेतलेलें कर्ज फेडलेंच पाहिजे. परंतु रीत पाहा. २००२ सालच्या कायद्यानें बँक थकबाकीदारास ६० दिवसांची नोटीस देते आणि मुदत टळली कीं दिवाणी दावा न लावतां गहाण मालमत्तेचा ताबा घेऊं शकते. ही नोटीस येते ती संस्थेच्या कचेरींत. ती वाचतात चेअरमन व कार्यकारी संचालक. आपल्या ओसरीवर ती येत नाहीं. साठ दिवस आपण नांगरटींत असतों, एकसष्टाव्या दिवशीं फाटकावर कुलूप पाहतों. लिलावाचा पैसा आला तर आधीं देणेकऱ्यांचा. सभासदाच्या भागाची पाळी सर्वांच्या शेवटीं, कांहीं उरलें तर!

पण कुलूप लागण्याच्या कितीतरी आधीं चिन्हें दिसूं लागतात. अहवाल सभेच्या तोंडावर हातीं पडतो. मोठ्या खर्चाचे विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून हात वर करून मंजूर होतात. १९६६ सालच्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर शेंकडा १५ व्याज. आपल्याला महिने महिने पैसे मिळत नाहींत आणि व्याज मागण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. उसाच्या बिलांतून ठेवीच्या नांवानें कपात होते आणि त्या ठेवीची पावती कोणापाशीं नसते. कामगारांचे पगार तटतात. कारखान्याच्या कुंपणालगत भलत्याच नांवाची कंपनी उभी राहते आणि कारखान्याचा माल तिकडे वळतो. आणि जो विचारतो, त्याच्या उसास तोड मिळत नाहीं. हें शेवटचें चिन्ह सर्वांत वाईट. ज्या दिवशीं हिशेब विचारणाऱ्याचा ऊस शेतांत वाळतो आणि शेजारी गप्प बसतो, त्या दिवशींच कारखाना गेला असें समजावें. लिलाव मागाहून होतो.

आतां एक कडू गोष्ट बोलल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. आपल्या वाडवडिलांस सावकार लुबाडीत असे, तो परका होता. त्याचा हिशेब मागतांना भीति वाटे, पण लाज वाटत नसे. आजचा चेअरमन आपल्यापैकींच आहे. तो आपल्याच जातीचा, आपल्याच भाऊबंदांतला, मुलीच्या लग्नांत अक्षता टाकून गेलेला. त्याला मळीचा भाव विचारावयाचा म्हणजे आपल्याच माणसाचा पाय ओढल्यासारखें वाटतें. पॅनेल निवडतांना आपण जात पाहतों, सोयरीक पाहतों, आदल्या रात्रीचें जेवण पाहतों, आणि ताळेबंद पाहत नाहीं. कुंपणानें शेत खाल्लें म्हणून आपण रडतों, पण तें कुंपण आपणच लावलें होतें. सारेच चेअरमन वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. रात्रंदिवस राबून कारखाना राखणारेही आहेत. प्रामाणिक माणसास हिशेब विचारल्याचा राग येत नाहीं. राग येतो, तेथें वही उघडावीच.

वही उघडण्याचा रस्ता कायद्यांत आहे. कलम ३२ प्रमाणें सभासदास संस्थेच्या कचेरींत, कामाच्या वेळांत, फुकट पाहतां येतात: पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक, सभासदांचें रजिस्टर, सभांचीं इतिवृत्तें आणि आपल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी. कलम ७६ प्रमाणें एकपंचमांश सभासदांनीं लेखी मागणी केली, तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. कलम ८३ प्रमाणें तितक्याच सभासदांनीं अर्ज केला, तर निबंधकास चौकशी लावतां येते. म्हणजे पांचांतला एक! एका आळींतले पंचवीस उसवाले, तर त्यांतले पांच. एकट्या बाबांनीं विचारलें म्हणून त्यांचा ऊस वाळला. त्या दिवशीं सभेंत त्यांच्या मागें पांचांतला एक माणूस उभा राहता, तर कोणाकोणाची तोड अडविली असती?

म्हणून आमचें सांगणें असें कीं, प्रत्येक गांवांत पारावर वर्षांतून एकदां तरी कारखान्याचा व सोसायटीचा ताळेबंद मोठ्यानें वाचला जावा. वाचणारा मास्तर असो, नाहीं तर कॉलेजांत शिकणारी आपली लेक असो. कर्ज किती, गेल्या वर्षीं किती होतें, गहाण काय पडलें, माल कोणास विकला, या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत अहवालास हात वर करूं नये. मागणी तोंडीं न करतां लेखी करावी आणि पोंच घ्यावी.

१८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवच्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून रोखे व चोपड्या बाहेर काढून जाळल्या. त्यांस दुसरा उपाय सुचला नाहीं, कारण त्या वह्यांत काय लिहिलें आहे, तें त्यांस वाचतां येत नव्हतें. आपल्या पिढीस वाचतां येतें. आणि आज ती वही सावकाराची नव्हे, आपलीच आहे. ती जाळावयाची नाहीं, वाचावयाची आहे.

ही गोष्ट मागच्याच पिढीची आहे, असेंही कोणी समजूं नये. २००२ सालच्या कायदेबदलानें शेतकऱ्यांस स्वतःच्या उत्पादक कंपन्या काढतां येऊं लागल्या. दिंडोरी तालुक्यांत मोहाडीस 'सह्याद्रि'सारखी मोठी कंपनी उभी राहिली, याचा आम्हांस आनंदच आहे. आपल्या भागांतही कांद्याच्या चाळीसाठीं, डाळिंबासाठीं, गोदामासाठीं तरुण मुलें भाग गोळा करीत हिंडतात. त्यांस जरूर भाग द्या. शेतकऱ्यानें धंद्यांत उतरलेंच पाहिजे. मात्र अर्जावर सही करतांना त्यांस पहिल्याच दिवशीं सांगा, "पोरांनो, पैसे घ्या, पण वही आम्ही पाहणार." चांगला पोरगा हंसून वही पुढें करील.

त्या बाबांस आम्ही काय सांगितलें? दाखला फेंकूं नका, असें सांगितलें. शाळा सुटल्यावर त्यांच्याच गांवचे आणखी अकरा दाखले आमच्या टेबलावर आले. दिवाळखोरींत निघालेल्या कारखान्यांतून त्यांचे बैल परत येतील, असें खोटें आश्वासन आम्ही दिलें नाहीं. बाराजणांच्या सह्यांचा एक अर्ज मात्र लिहून दिला: कारखान्याचें शेवटचें तपासलेलें हिशेबपत्रक व सभासदांचें रजिस्टर आम्हांस दाखवावें. बाबांनीं खालीं सही केली. अक्षर वांकडें होतें, पण अंगठा नव्हता.