मुस्टेन की फ्रीडमन?

परवा चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाताना गाडीत मेगाडेथचा 'रस्ट इन पीस' (१९९०) लावला. मित्राचा नेहमीचा हेका, "फ्रीडमन कलाकार, मुस्टेन नुसता रागीट." चिचपल्लीचं जंगल लागेपर्यंत वाद पेटला होता.

अर्धं त्याचं खरं आहे. मार्टी फ्रीडमन सुरावर थेट उतरत नाही. तार ओढून, आपल्या मींडेसारखा तिथे पोचतो. 'होली वॉर्स'मधला त्याचा अकूस्टिक गिटारचा तुकडा भैरव ऐकलेल्या कानाला परका वाटत नाही. डेव्ह मुस्टेनला एवढा धीर कुठला! त्याच गाण्याच्या शेवटी तो भांडायला उठल्यासारखा वाजवतो.

पण 'हँगर १८'चा शेवट ऐका. दोघं आळीपाळीने सोलो घेतात. मुस्टेनचा खरखरीतपणा काढून टाकला, तर फ्रीडमनची नजाकत नुसती गोड उरेल.

आणखी एक. बँड मुस्टेनचा, गाणी बहुतेक त्याचीच. तरी 'टॉर्नेडो ऑफ सोल्स'चा मोठा सोलो फ्रीडमनला मिळाला. १९८३ मध्ये मेटॅलिकातून काढून टाकलेल्या माणसाने एवढी जागा दुसऱ्याला द्यावी, हे मला त्या सोलोइतकंच मोठं वाटतं. किती टीम लीड आपलं सगळ्यात चांगलं काम दुसऱ्याच्या हातात देतात?

फ्रीडमनने २००० मध्ये बँड सोडला. २०२३ मध्ये टोकियोच्या बुडोकानला दोघं पुन्हा एकत्र वाजले, तेव्हा 'टॉर्नेडो' होतंच.

असो. मूलला चहा झाला, वाद काही मिटला नाही. पण परतीला तोच अल्बम मित्रानेच लावला.